‘जीव वाचला ना!’ म्हणणाऱ्यांना

किडनी बदलून आलेला माणूस डोळ्यांची तक्रार करायला लागला की आपल्याकडे त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. जीव वाचला ना, मग? बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात असं म्हणणारे कुणी दुष्ट लोक नाहीत. सोयरेधायरे असतात, शिबिरं भरवणारे कार्यकर्ते असतात, ओपीडीच्या रगाड्यात एखादा डॉक्टरही असतो. आणि या उत्तराच्या पाठीशी आणखी तीन विधानं उभी असतात. हे साखरेचं नाहीतर वयाचं आहे, मोतीबिंदूच्या शिबिरात दाखवा. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा असला आजार हजारात एखाद्याला होतो, उगाच घाबरवू नका. आणि त्या गोळ्याच गरम पडतात, थोड्या कमी करून बघा. मला या सगळ्यांशी भांडायचं आहे, पण सगळ्यांशी सारखंच नाही. शिबिराचं विधान अर्धं खरं आहे, हजारात एकाचं विधान अर्धवट मोजलेलं आहे. गोळ्यांचं विधान मात्र माणसाला पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत नेऊन बसवणारं आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

दुसऱ्याची किडनी अंगात टिकते ती शरीराची प्रतिकारशक्ती दाबून ठेवल्यामुळे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन, पेशंटांच्या तोंडी टॅक्रो, मायको आणि वायसोलोन, हे त्रिकूट बहुतेकांच्या डब्यात असतं. टॅक्रोची गोळी बारा तासांच्या अंतराने, घड्याळ लावून घ्यायची. मधूनमधून रक्त देऊन तिची ‘लेव्हल’ बघायची. या गोळ्यांचा डोळ्यांशी संबंध नाही असं कुणी म्हणत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आहे. त्याने मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढू शकतो, साखर चढते, आणि काहींच्या पडद्यामागे पाणी झिरपून साचतं. टॅक्रोलिमसने रक्तदाब वाढतो, साखर वाढते. क्वचित त्याचा त्रास मेंदूच्या मागच्या भागाला होतो आणि डोळा ठणठणीत असूनही माणसाला एकाएकी दिसेनासं होतं. वेळेत ओळखलं तर ही नजर बहुधा परतही येते. म्हणजे ‘गोळ्यांमुळे डोळ्यांना झालं असेल’ हा शेजाऱ्याचा संशय खुळचट नाही. खुळचट आहे तो त्याने काढलेला उपाय.

कारण गोळ्या आपल्या मनाने कमी केल्या की शरीर त्या किडनीला परकं ठरवून तिच्यावर चालून जातं. किडनी मंदावल्याची खूण असलेलं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, पुण्याला पळावं लागतं, आणि तिथे या नकारावर उपचार म्हणून काय देतात? शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस. तेवढ्याने भागलं नाही तर प्रतिकारशक्ती आणखी खोलवर दाबणारी इंजेक्शनं. पडद्याला धोका सर्वांत जास्त असतो तो नेमका या उपचारांनंतरच्या काळात. डोळे वाचवायला म्हणून ज्याने स्टेरॉइडची रोजची छोटी गोळी टाकली, त्याच्या अंगात त्याच जातीच्या औषधाचा कित्येक पट मारा होतो. शिवाय महिनोन्महिने चालू असलेलं स्टेरॉइड एकाएकी थांबवलं तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार व्हायला वेळ लागतो आणि मधल्या मधे माणूस कोसळू शकतो. तेव्हा काढा सुचवणाऱ्या, ‘माझ्या मेव्हण्याने बंद केल्या, काही झालं नाही’ असं सांगणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे की पेशंटच्या घरात चहा प्या, पोराची विचारपूस करा आणि डब्याकडे बघू नका. गोळी कमी करायची वेळ येतेही कधीकधी. पण कुठली, किती आणि कधी, हे डोळ्याच्या डॉक्टरने पडदा बघून किडनीच्या डॉक्टरला कळवल्यावर ठरतं.

पडदा बघून, हे महत्त्वाचं. तक्रार एकच असते, ‘अंधूक दिसतंय’. तिच्यामागची कारणं मात्र इतकी निराळी असतात की एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरावं.

पाणी साचण्याचा जो आजार वर सांगितला तो घ्या. पडद्याच्या मागच्या थरातून द्रव झिरपतो आणि नजरेच्या ऐन मध्यभागी फोडासारखा फुगवटा येतो. माणसाला समोर एक करडा गोल डाग दिसतो, सरळ रेघा वाकड्या दिसतात, त्या डोळ्याने वस्तू जरा लहान भासतात. प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये हे दोन्ही डोळ्यांत आणि इतकं मोठं होऊ शकतं की पडद्याचा खालचा भागच सुटून येतो. या आजाराला स्टेरॉइड खतपाणी घालतं. आता एखाद्याने न तपासता ‘डोळ्याला सूज आहे’ म्हणून स्टेरॉइड वाढवलं, किंवा मेडिकलच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनाभर घातले, तर काय होईल ते सांगायला नको. दुसरीकडे पडद्याला खरोखरच सूज आणणारे असेही आजार आहेत ज्यांत योग्य औषधांबरोबर स्टेरॉइड द्यावंच लागतं. आणि काही वेळा साखर वरखाली झाल्याने नुसता चष्म्याचा नंबर हललेला असतो, आठ-पंधरा दिवसांत तो जागेवर येतो. यातलं काय आहे, हे बाहेरून बघून कुणालाही कळत नाही. डॉक्टरलाही नाही.

आता शिबिराचं. मोतीबिंदूच्या शिबिरांवर मी टीका करणार नाही. आपल्याकडच्या किती म्हाताऱ्यांना त्यांनी पुन्हा भाकरी नीट थापता येईल इतकी नजर दिली आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्याचं सर्वांत ठळक यश मोतीबिंदूतच आहे. आणि किडनी बदललेल्यांच्या डोळ्यांत सर्वाधिक आढळणारी गोष्ट मोतीबिंदूच आहे, हेही कबूल. स्टेरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर येतो. चाळिशीच्या आतल्या माणसालाही येतो. आणि त्याला उन्हात जास्त त्रास होतो, कारण प्रकाशात बाहुली बारीक झाली की नेमका तो डाग वाटेत येतो. म्हणून ‘मोतीबिंदू असेल’ हे वाक्य पुष्कळदा बरोबर निघतं.

आणि ते बरोबर निघतं म्हणूनच घात होतो. मोतीबिंदू सापडला की शोध तिथेच थांबतो. शिबिराच्या मांडवात बॅटरी असते, अक्षरांचा तक्ता असतो, तारीख आणि गाडी ठरलेली असते. तिथे डोळ्यात थेंब टाकून, अर्धा तास बसवून, पडद्याच्या कडेकोपऱ्यापर्यंत नजर फिरवायला सवड कुणाला असते? ऑपरेशन नीट होतं, भिंग बसतं, हिरवी पट्टी निघते, आणि पेशंट म्हणतो, अजून तसंच दिसतंय. मग ऑपरेशन बिघडलं अशी बोंब होते. ऑपरेशन बिघडलेलं नसतं. मागे पडदा आधीपासून आजारी असतो, आणि तो कुणी बघितलेला नसतो. ज्याच्या फाइलवर प्रत्यारोपण लिहिलंय त्याचा मोतीबिंदू काढण्याआधी पडदा बघायचा, आणि भिंग इतकं पांढरं असेल की आत दिसतच नाही तर सोनोग्राफीने बघायचा, हा हट्ट घरच्यांनी धरला तर त्यांना कुणी आगाऊ म्हणू नये.

‘हजारात एखाद्याला होतं’ हा आक्षेप मात्र शिकलेल्यांचा आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

हे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सहसा एकच आजार असतो: सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूने, थोडक्यात सीएमव्हीने, पडद्याला लागणारी कीड. हा विषाणू भारतात बहुतेक सगळ्या प्रौढांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. प्रतिकारशक्ती शाबूत आहे तोवर त्याचा पत्ताही लागत नाही. ती दाबली की तो उठतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करतो, आतडी बिघडवतो, फुप्फुसात शिरतो, आणि कधीतरी पडद्यावर पोचतो. किडनी बदललेल्यांमध्ये पडद्यापर्यंत पोचण्याचं प्रमाण कमी आहे, हे मान्य. सुरुवातीचे काही महिने व्हॅल्गॅन्सायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात तेव्हापासून तर आणखी कमी झालं. पण त्या गोळ्या थांबल्यावर, घरचे ‘आता धोका टळला’ म्हणून सैल पडल्यावर, उशिरा उठणारा सीएमव्ही असतो. आणि पडद्यावरचा हा आजार बहुधा उशिराच येतो.

तो येतो कसा, हे सांगितल्याशिवाय ‘दुर्मिळ’ या शब्दाला उत्तर देता येणार नाही. डोळा लाल होत नाही. दुखत नाही, कारण पडद्याला वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात. पाणी येत नाही, चिपडं येत नाहीत. डोळा आरशासारखा स्वच्छ असतो आणि समोरचा माणूस म्हणतो, डोळ्याला काही झालेलं दिसत तर नाही. आत मात्र रक्तवाहिनीच्या कडेकडेने पिवळट पांढरा पट्टा सरकत असतो, त्यात लाल ठिपके. जिथून तो पुढे गेला तिथला पडदा मेलेला. तो कडेला असेल तर पेशंटला फार तर डोळ्यापुढे माशा उडताना दिसतात, एखादं जाळं तरंगताना दिसतं. मध्यभागी आला की नजर गेली. मेलेल्या जागी पडदा कागदासारखा पातळ होतो, भोकं पडतात, आणि मूळ आजार बरा झाल्यावरही पडदा सुटून येऊ शकतो. लवकर सापडला तर शिरेतून आणि थेट डोळ्यात औषध देऊन पट्टा अडवता येतो. अडवता येतो, मागे नेता येत नाही. गेलेला पडदा परत उगवत नाही.

आता मोजणीकडे या. याच विषाणूने एड्सच्या पेशंटांचे डोळे घेतले तेव्हा कुणी दुर्मिळपणाचा हिशेब मांडला नाही. १९९६च्या सुमाराला प्रभावी औषधं येण्याआधी एड्समधल्या अंधत्वाचं हे सर्वांत मोठं कारण होतं, आणि प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी ५० च्या खाली गेल्या की तक्रार असो वा नसो, पडदा बघावा, असं तज्ज्ञ सांगू लागले. तिथे धोका प्रत्यारोपणापेक्षा कितीतरी जास्त होता, दोन्ही एका तराजूत घालणार नाही. माझा मुद्दा एवढाच की ‘पेशंटला कळेल तेव्हा येईल’ या भरवशावर हा आजार सोडायचा नसतो, हे वैद्यकशास्त्र एकदा शिकून बसलं आहे.

आणि सीएमव्ही हा काही एकटा नाही. ज्यांची किडनी गेली त्यांतल्या फार मोठ्या संख्येला ती मधुमेहाने गेलेली असते. त्यांचा पडदा किडनीच्या बरोबरीनेच खराब होत आलेला असतो, कारण बारीक रक्तवाहिन्या दोन्हीकडे त्याच. नवी किडनी बसली म्हणून जुना पडदा नवा होत नाही. ज्यांना मधुमेह नव्हता त्यांतल्या कित्येकांना तो प्रत्यारोपणानंतर, गोळ्यांमुळे जडतो. शिवाय एक उफराटी गोष्ट. १९९३ साली मधुमेहावरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं की साखर एकदम काबूत आणली तर पुढे फायदाच होतो, पण सुरुवातीच्या काळात काहींचा पडदा आधी बिघडतो. स्वादुपिंड बदललेल्यांतही असं बघायला मिळतं. म्हणजे रिपोर्ट सुधारतोय या आनंदात डोळ्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. रक्तदाबाने पडद्यातली शीर बंद पडते ते वेगळंच. रक्तातून डोळ्यात पोचणारी बुरशी आहे. आणि आपल्याकडे टीबी आहे, जो युरोप-अमेरिकेतल्या प्रत्यारोपणाच्या पेशंटपेक्षा आपल्या पेशंटला कितीतरी अधिक गाठतो आणि पडद्यामागे गाठी करून बसतो. टीबीवर दिलं जाणारं इथॅम्ब्युटॉल हे औषध किडनीवाटे बाहेर जातं; किडनी मंद असेल आणि डोस त्या मानाने कमी केला नाही तर ते अंगात साठतं आणि डोळ्याची नस दुखावतं. आधी रंग फिके पडतात, विशेषतः लाल-हिरवा. दुसरं औषध, रिफाम्पिसिन, टॅक्रोची लेव्हल पाडतं. गावात टीबीच्या गोळ्या सुरू करणाऱ्याने पुण्याच्या किडनीवाल्याला फोन केलाच पाहिजे, तो यासाठी.

या सगळ्यांची बेरीज करून मग ‘हजारात एखादा’ म्हणून दाखवा. एकेक आजार सुटा करून दुर्मिळ ठरवायचा आणि मग सगळ्यांची तपासणी एकदम टाळायची, ही हातचलाखी आहे.

खरं तर हा धडा महाराष्ट्राने फार जवळून घेतलेला आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनातून उठलेल्या माणसांना म्युकरमायकोसिसने गाठलं तेव्हा गावागावात लोकांना पाठ झालं होतं की स्टेरॉइड आणि चढलेली साखर एकत्र आली की बुरशीला रान मोकळं होतं, आणि ती नाकातून डोळ्यात जाते. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. त्या दोन-तीन महिन्यांत गाल दुखला तरी माणसं दवाखाना गाठत होती. प्रत्यारोपणाचा पेशंट त्याच स्टेरॉइडवर, पुष्कळदा त्याच साखरेवर, दोन-तीन महिने नाही, जन्मभर असतो. त्याला मात्र आपण सांगतो, उगाच घाबरू नका.

घाबरवण्याविषयीही बोलतो. हे छापून आलं तर लोक किडनी बदलायलाच नको म्हणतील, असं काही डॉक्टर मनापासून म्हणतात. अवयवदानाबद्दल अफवा कमी नाहीत, त्यांची काळजी रास्त आहे. पण अफवा माहितीमुळे उठत नाही. गावातल्या एखाद्याची नजर कुणी पूर्वकल्पना न देता गेली की त्याच्या घरचे स्वतःच कारण शोधतात, आणि ते कारण ‘किडनी बदलली म्हणून’ हेच असतं. पुढच्या डायलिसिसच्या पेशंटला हेच कारण ऐकायला मिळतं. तेव्हा आधीच सांगावं: किडनी बदलणं हा डायलिसिसपेक्षा बहुतेकांसाठी चांगला मार्ग आहे, त्याने आयुष्य वाढतं, आणि त्यासोबत डोळ्यांची एक जोखीम येते जी बघत राहिलं तर बरीचशी टाळता येते. एवढं ऐकून कुणी पळून जात नाही. आपली माणसं एवढी कच्ची नाहीत.

या वादात तात्याराव लहाने यांचं नाव हटकून निघतं. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा माणूस, दोन्ही किडन्या निकामी झाल्या, १९९५ साली आई अंजनाबाईंनी किडनी दिली, आणि त्यानंतर जे. जे. रुग्णालयात त्यांनी लाखाच्या वर मोतीबिंदू काढले. २००८ साली पद्मश्री मिळाली, आयुष्यावर सिनेमा निघाला. मग लोक म्हणतात, बघा, किडनी बदलून माणूस दुसऱ्यांचे डोळे नीट करतो, आणि तुम्ही डोळे जातात म्हणून ओरडता. मला हे उदाहरण माझ्या बाजूचं वाटतं. एक माणूस सुखरूप राहिला म्हणजे जोखीम नाही, असं सिद्ध होत नाही. तो मुद्दा सोडून देऊ. महत्त्वाचं असं की त्यांचं मिळालेलं आयुष्य सगळं नजरेच्या कामात गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली, मिलिमीटरच्या हिशेबात. अंजनाबाईंच्या किडनीचं मोल रक्तातल्या क्रिएटिनिनमध्ये मोजायचं की त्या ऑपरेशनांमध्ये?

‘जीव वाचला ना’ या मूळ उत्तरावर माझा राग आहे तो इथे. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणारी बहुतेक वेळा बाई असते. आई देते, बायको देते, बहीण देते. ती देते तेव्हा तिच्या मनात नुसता श्वास घेणारा माणूस नसतो. पुन्हा कामाला जाणारा, हिशेब बघणारा, पोरीच्या लग्नात मांडवात फिरणारा माणूस असतो. बारामतीतल्या जळोचीच्या उपबाजारात भाजीपाला घेऊन येणाऱ्याला काट्यावरचा आकडा वाचता आला नाही, आडत्याने हातात दिलेली पट्टी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, रात्री पाण्याची पाळी आली तर चारीच्या कडेने चालता आलं नाही, तर त्याचा जीव वाचला आहे खरा. पण ज्या बाईने स्वतःच्या पोटावर टाके घेतले तिच्यावर आता त्याचा हात धरून फिरवण्याचंही काम येऊन पडतं, आणि मग जीव वाचल्याचा दाखला देणारे सोयरे सकाळ-संध्याकाळ त्या कामाला येत नाहीत.

अजून एक समजूत आडवी येते, ती चांगल्या कामातून जन्मलेली आहे. नेत्रदानाचा प्रचार आपल्याकडे इतका झाला की लोकांना वाटतं, डोळा गेला तर दुसऱ्याचा बसवतील. किडनी बसवली तसाच. नेत्रदानात बसवतात ते बुबुळावरचं पारदर्शक पटल. १९०५ साली ओलोमोउत्स या आता चेक देशात असलेल्या शहरात एडुआर्ड झिर्म यांनी ते पहिल्यांदा यशस्वीपणे बसवलं, म्हणजे किडनीच्या कितीतरी आधी. पण पडदा आजवर कुणाला बदलता आलेला नाही. तो मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे, लाखो तंतूंनी मागे जोडलेला. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला चेहऱ्याबरोबर अख्खा डोळा बसवला. डोळा जगला, त्यात रक्त खेळलं, नजर मात्र आली नाही. किडनी दुसरी मिळू शकते, तिसरीही बसवलेले लोक आहेत. पडदा जन्माला येताना मिळाला तेवढाच.

मग करायचं काय? सगळ्यांचा पडदा दर महिन्याला बघा, असं माझं म्हणणं नाही. तक्रार नसलेल्या प्रत्येकाला सीएमव्हीसाठी सारखं तपासावं असं शास्त्रही सांगत नाही. मागणी साधी आहे. प्रत्यारोपणाआधी एकदा पडदा बघून त्याची नोंद, जमल्यास फोटो, फाइलला लावायचा, म्हणजे पुढे काय नवं ते कळेल. पहिल्या काही महिन्यांत एकदा, मग वर्षातून एकदा. मधुमेह्याला तर ही वार्षिक तपासणी तशीही सांगितलेलीच असते. शरीराने किडनी नाकारली म्हणून जड औषधं दिली किंवा रक्तात सीएमव्ही सापडला की त्यानंतर आणखी एकदा. आणि माशा, जाळं, डाग, वाकड्या रेघा, फिके रंग किंवा चमकणारे उजेड दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी.

तक्रार ओळखायला घरात साधन आहे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो, आणि एक डोळा निम्मा गेला तरी माणसाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरावर उभं राहायचं. एक डोळा तळव्याने झाकायचा, न दाबता. महिन्याच्या मधल्या एका तारखेवर नजर रोखायची आणि तिथून न हलवता बघायचं: चौकोनांच्या रेघा सरळ आहेत का, कुठली तारीख पुसल्यासारखी वाटते का, एखादा कोपरा गायब आहे का. मग दुसरा डोळा. याने कडेचा आजार सापडतोच असं नाही, त्यामुळे डॉक्टरची तपासणी टळत नाही. पण मध्यभागी काही शिजत असेल तर ते सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांत कळतं.

‘एवढ्यासाठी पुन्हा पुण्याला जायचं का?’ या प्रश्नात मात्र दम आहे. डायलिसिस बारामतीत होतं, प्रत्यारोपणासाठी मात्र शंभर किलोमीटरवरचं पुणं नाहीतर मुंबई. परिणामी किडनीची फाइल पुण्यात, चष्म्याचा नंबर बारामतीत, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही. पुण्याचा डॉक्टर क्रिएटिनिन, लेव्हल, लघवी, साखर, बीपी विचारतो. डोळ्याचं पेशंटने आपणहून सांगितलं तर ऐकतो. बारामतीत डोळे तपासणाऱ्याला पेशंट गोळ्यांची यादी दाखवत नाही, कारण चष्म्यासाठी आलोय, त्याला किडनीचं कशाला सांगा. ही तुटलेली दोरी जोडायला नवं इस्पितळ लागत नाही. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे नेत्रविभाग आहे. पडद्याची पहिली तपासणी इथे व्हावी, तिचा कागद पुण्याच्या फाइलला लागावा, आणि पुण्याच्या पाठपुराव्याच्या वहीत क्रिएटिनिनच्या रकान्याशेजारी ‘पडदा’ असा एक रकाना असावा. तो कोरा दिसला की डॉक्टर विचारेल.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ साली अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली गेली. सरकार एका माणसासाठी एवढं मोजायला तयार आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या पुढे पडद्याची तपासणी म्हणजे काय? बाहुली मोठी करणारे थेंब, वीस-तीस मिनिटांची बसणी, डॉक्टरच्या कपाळावरचा दिवा आणि हातातलं एक भिंग. वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. डोळे दिपतात, दुखत काही नाही.

एक अडचण राहते, ती खरी आहे. थेंब घातल्यावर पुढचे तीन-चार तास जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळा उघडवत नाही, त्यामुळे मोटारसायकल चालवून घरी परतता येत नाही. तेव्हा ज्या पाहुण्याने ‘जीव वाचला ना’ म्हटलं होतं, त्यालाच त्या दिवशी गाडी चालवायला सोबत न्यावं.